कॉलम वाकायच्या आधी: शेड आणि घराच्या कॉलमची स्थिरता तपासण्याची पद्धत

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेला पत्र्याचं शेड उभं करायचं ठरलं, की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "चार इंची पाइप चालेल ना?" वडगाव-शहापूरच्या अरुंद प्लॉटवर घर बांधायचं असेल, तर तोच प्रश्न "नऊ इंची कॉलम चालतील ना?" असा येतो. दोन्ही प्रश्नांत जाडी विचारलेली असते. लांबी किती, वर-खाली कॉलम कशाने धरलाय, हे कोणी सांगत नाही. आणि तेच कळल्याशिवाय या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणता येत नाही.

उसाचं एक कांडं दोन तळव्यांत उभं धरून दाबलं तर काही होत नाही. तोच आठ फुटी ऊस उभा करून वरून दाबला की मधेच बाक येतो आणि तो बाजूला पळतो. ऊस तोच, जाडी तीच. कॉलमचंही तसंच आहे. आखूड कॉलम माल चिरडल्यामुळे जातो, लांब कॉलम मालाची ताकद संपायच्या कितीतरी आधी वाकून जातो. या वाकण्याला आपण बकलिंग म्हणतो. चिरडण्याआधी काँक्रीट तडकतं, कवच सुटतं, थोडी तरी सूचना मिळते. बकलिंगमध्ये बऱ्याचदा तेवढीही सवड मिळत नाही.

पुढची पद्धत डिप्लोमा-डिग्रीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांसाठी, साइट इंजिनिअरसाठी आणि ड्रॉइंग वाचता येणाऱ्या कंत्राटदारांसाठी आहे. घरमालकानेही वाचायला हरकत नाही, म्हणजे निदान योग्य प्रश्न तरी विचारता येतील. अंतिम डिझाइन मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्यायचं.

पायरी १: लांबी मोजा, ड्रॉइंगवरची नव्हे, जागेवरची

हिशेबात धरायची लांबी म्हणजे कॉलम जिथे आडवा धरला गेलाय, त्या दोन ठिकाणांमधलं अंतर. स्लॅबपासून स्लॅबपर्यंतचं माप घेऊन मोकळं होण्याची सवय असते, आणि घोटाळा तिथेच होतो.

आपल्याकडे सगळ्यात जास्त चुकतं ते जमिनीखाली. बेळगाव शहराच्या पश्चिमेला आणि खानापूरकडे जांभा आणि मुरूम लवकर लागतो, फुटिंग उथळ बसतं. निपाणी, चिकोडी, अथणीच्या काळ्या मातीत चांगला थर लागेपर्यंत खाली जावं लागतं. फुटिंग जोत्याच्या दीड मीटर खाली असेल आणि प्लिंथ बीम गाळला असेल, तर कॉलमची लांबी मजल्याच्या उंचीत दीड मीटर मिळवून धरायची. मेस्त्री म्हणतो, "साहेब, भराव टाकल्यावर माती धरूनच ठेवते की." टोपल्यांनी टाकलेला, पाणी मारून न बसवलेला भराव कॉलमला धरून ठेवत नाही. काळी माती तर उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यावर आडव्या आधाराचा भरवसा ठेवायचा नाही. प्लिंथ बीम दोन्ही दिशांनी असेल तरच लांबी तिथे तोडायची.

आणखी एक पाहा. काही कॉलमना एका दिशेने बीम येतो आणि दुसऱ्या दिशेने येत नाही; जिन्याजवळचा, डबल हाइट हॉलमधला किंवा प्लॉटच्या कडेचा कॉलम हमखास असा असतो. मग दोन दिशांच्या लांब्या वेगवेगळ्या निघतात, त्या वेगळ्याच लिहून ठेवा.

पायरी २: टोकं कशी धरलीत ते ठरवा

मोजलेल्या लांबीला एका गुणकाने गुणायचं. आलेली ती प्रभावी लांबी. आयएस ८०० (पोलादासाठी) आणि आयएस ४५६ (काँक्रीटसाठी) या दोन्ही भारतीय कोडमध्ये हे गुणक जवळपास सारखे आहेत. दोन्ही टोकं घट्ट धरलेली आणि बाजूला न सरकणारी असतील तर ०.६५. एक टोक घट्ट, दुसरं बिजागरीसारखं पण जागेवर अडवलेलं असेल तर ०.८. दोन्ही टोकं बिजागरीसारखी असतील तर १. वरचं टोक फिरत नाही पण बाजूला सरकतं, तर १.२. खाली घट्ट आणि वर मोकळं, म्हणजे झेंड्याच्या काठीसारखं, तर २.

पुस्तकी गणितात पहिल्या दोन स्थितींचे गुणक ०.५ आणि ०.७ येतात. कोडने ते वाढवले, कारण कागदावर असतो तसा पूर्ण घट्ट सांधा साइटवर कुठेच नसतो.

आता शेडचं बेस प्लेट खाली वाकून नीट बघा. प्लेटच्या मधल्या रेषेवर दोनच बोल्ट असतील तर तो सांधा बिजागरी समजा, ड्रॉइंगवर काहीही लिहिलेलं असो. चार बोल्ट पाइपच्या बाहेर चारी कोपऱ्यांना असतील, प्लेट जाड असेल, खाली ग्राउट भरलेलं असेल आणि फुटिंग स्वतः फिरणार नाही एवढं मोठं असेल, तर घट्टपणा मानायला काही आधार आहे. यातली शेवटची अट सगळे विसरतात. तीन फूट बाय तीन फूट फुटिंग मऊ काळ्या मातीवर बसवलं, तर बोल्ट कितीही घट्ट आवळा, फुटिंगच कॉलमबरोबर फिरतं.

वरच्या टोकाला प्रश्न एकच विचारायचा: हे टोक बाजूला सरकायला निघालं तर त्याला कोण अडवणार? भिंतीतलं किंवा छपरातलं तिरकं ब्रेसिंग, पोर्टल फ्रेम (कॉलम आणि वरचा बीम घट्ट जोडलेली चौकट), काँक्रीटची शिअर वॉल (आडवं बल घेणारी भिंत), असं नेमकं नाव सांगता आलं पाहिजे. "कैची आहे ना वर" हे उत्तर नव्हे. कैची तिच्या स्वतःच्या दिशेने कॉलम एकमेकांना जोडते, पण ओळीतले सगळे कॉलम एकाच वेळी एकाच बाजूला झुकायला निघाले तर ती त्यांच्याबरोबर चालायला लागते.

पायरी ३: कमकुवत अक्ष ओळखा

कॉलम नेहमी सगळ्यात सोप्या दिशेने वाकतो. गोल आणि चौरस पाइपला सगळ्या दिशा सारख्या. आय-सेक्शन, चॅनल, सिंगल अँगल आणि आयताकृती काँक्रीट कॉलम यांना एक दिशा कमकुवत असतेच. प्रत्येक दिशेची प्रभावी लांबी त्या दिशेच्या रेडियस ऑफ जायरेशनने (त्या दिशेने माल मध्यापासून किती पसरलाय त्याचं माप) भागायची. येणारा आकडा म्हणजे स्लेंडरनेस रेशो. दोन दिशांपैकी मोठा आकडा निर्णायक. सिंगल अँगलला कमकुवत अक्ष तिरका असतो, पायांना समांतर नसतो, तेव्हा पोलादाच्या टेबलमधला सगळ्यात लहान रेडियस घ्या.

आय-सेक्शन आडवं-उभं कसं लावलंय याने किती फरक पडतो, ते शेडच्या मालकाला समजावून सांगायला वेळ काढा. फॅब्रिकेटरला वेल्डिंगला जी बाजू सोयीची पडते, ती तो धरतो.

पायरी ४: एक पाइप, तीन उत्तरं

१७४४ साली ऑयलरने दिलेलं सूत्र अजूनही पहिली चाचणी म्हणून वापरतात:

क्रांतिक भार = ९.८७ × ई × आय ÷ (प्रभावी लांबी)²

९.८७ म्हणजे पायचा वर्ग. ई म्हणजे मालाचा लवचिकता गुणांक, पोलादासाठी २ लाख न्यूटन प्रति चौरस मिमी. आय म्हणजे मोमेंट ऑफ इनर्शिया, सेक्शनचा आकार वाकण्याला किती विरोध करतो त्याचं माप. मालाची ताकद या सूत्रात कुठेच नाही, हे लक्षात घ्या. जास्त ग्रेडचं पोलाद वापरलं म्हणून लांब, सडपातळ कॉलमचा क्रांतिक भार वाढत नाही.

उदाहरण बाजारात सहज मिळणाऱ्या पाइपचं घेऊ. बाहेरचा व्यास ११४.३ मिमी, जाडी ४.५ मिमी, ज्याला दुकानात चार इंची म्हणतात तो. क्षेत्रफळ १५५२ चौरस मिमी, आय सुमारे २३.४३ लाख मिमी चतुर्थ घात, रेडियस ३८.८५ मिमी. कॉलमची उंची ४.५ मीटर. यील्ड स्ट्रेस २४० न्यूटन प्रति चौरस मिमी धरली, तर माल चिरडण्याचा भार ३७२.५ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास ३८ टन. मालकाच्या मनात हाच आकडा असतो.

आता ऑयलर. दोन्ही टोकं बिजागरी धरली तर प्रभावी लांबी ४.५ मीटर आणि क्रांतिक भार २२८ किलोन्यूटन. खाली घट्ट, वर अडवलेलं असेल तर प्रभावी लांबी ३.६ मीटर आणि भार ३५७. खाली घट्ट, वर मोकळं असेल तर प्रभावी लांबी ९ मीटर आणि भार ५७. लांबीचा वर्ग भाजकात असल्यामुळे प्रभावी लांबी दुप्पट झाली की क्षमता चौथाईवर येते.

पायरी ५: ऑयलरवर थांबू नका, कोडच्या वक्रावर या

ऑयलरचा कॉलम काटेकोर सरळ असतो, भार बरोबर मध्यावर येतो आणि पोलादात आतला ताण नसतो. आपला पाइप ट्रकमधून उतरवताना आपटलेला असतो, ओळंब्यात थोडा कललेला असतो, आणि कैचीचा क्लीट मध्यापासून इंचभर सरकलेला असतो. हे सगळं आयएस ८०० च्या २००७ च्या आवृत्तीने चार बकलिंग वर्गांत बसवलंय. वर्ग अ ते ड, त्यांचे अपूर्णता गुणक अनुक्रमे ०.२१, ०.३४, ०.४९ आणि ०.७६. गरम रोल केलेली पोकळ सेक्शन वर्ग अ मध्ये येतात, थंड स्थितीत घडवलेली वर्ग ब मध्ये, अँगल आणि चॅनल वर्ग क मध्ये. पाइप कसा बनलाय याचा कागद हातात नसेल तर वर्ग ब धरा.

हिशेब असा करायचा. चिरडण्याचा भार भागिले ऑयलरचा भार, त्याचं वर्गमूळ काढा; हा लॅम्डा. मग फाय = ०.५ × [१ + गुणक × (लॅम्डा − ०.२) + लॅम्डा²]. मग घट-गुणक = १ ÷ [फाय + (फाय² − लॅम्डा²) चं वर्गमूळ]. हा घट-गुणक चिरडण्याच्या भाराला लावून १.१० ने भागा, की डिझाइन क्षमता मिळते.

बिजागरी-बिजागरी पाइपसाठी लॅम्डा १.२७७, फाय १.४९९, घट-गुणक ०.४३८, क्षमता १४८ किलोन्यूटन. खाली घट्ट आणि वर अडवलेल्या पाइपसाठी तीच १९८ येते. मोकळ्या टोकाच्या पाइपसाठी ४५. मालकाच्या मनातले ३८ टन कुठे आणि हे साडेचार टन कुठे!

पण खरा सापळा यापुढे आहे. नऊ मीटर रुंदीचं शेड आणि कॉलममधलं अंतर पाच मीटर धरलं, तर एका कॉलमवर २२.५ चौरस मीटर छप्पर येतं. पत्रा, पर्लिन आणि कैचीचं वजन चौरस मीटरला पाव किलोन्यूटन, वर माणूस चढण्यासाठीचा इम्पोज्ड लोड पाऊण, एकूण एक किलोन्यूटन. १.५ चा सुरक्षा फॅक्टर लावून कॉलमवर ३४ किलोन्यूटन. मोकळ्या टोकाची क्षमता ४५. म्हणजे पास? नाही. प्रभावी लांबी ९ मीटर भागिले ३८.८५ मिमी केलं तर स्लेंडरनेस रेशो २३२ येतो, आणि कायमचा व इम्पोज्ड भार वाहणाऱ्या कॉलमसाठी कोडची मर्यादा १८० आहे. तिथेच तो बाद.

शिवाय वारा अजून आलाच नाही. बाजूला पत्रा लावला आणि वाऱ्याचा निव्वळ दाब उदाहरणापुरता चौरस मीटरला ०.८ किलोन्यूटन धरला, तर पाच मीटर अंतरावरच्या कॉलमवर मीटरला ४ किलोन्यूटन येतो. मोकळ्या टोकाच्या कॉलमच्या बुडाला मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, ४०.५ किलोन्यूटन-मीटर. या पाइपची मोमेंट क्षमता ११.८. उभा भार शून्य धरला तरी पाइप तिप्पट कमी पडतो, आणि हे फॅक्टर न लावता! आपल्या भागात पत्र्याची शेडं वळवाच्या पावसात आडवी होतात, तेव्हा "वारा फार होता" म्हणतात. हा एवढा हिशेब आधी केला असता तर ते आधीच कळलं असतं. वारा पत्रा वरही ओढतो. फुटिंगचं वजन आणि अँकर बोल्टची पकड त्यासाठी वेगळी तपासावी लागते.

यावर पाइप जाड करत जाणं हा सगळ्यात महागडा उपाय. लांबीच्या दिशेने निदान एका खणात तिरकं ब्रेसिंग, रुंदीच्या दिशेने कैचीला नी ब्रेस (कॉलम-कैचीच्या कोपऱ्यातला तिरका आधार) किंवा सरळ पोर्टल फ्रेम, आणि मग त्या मोमेंटला पुरेल असं सेक्शन, हा क्रम ठेवा. फाउंड्रीत चेन-पुली किंवा मोनोरेल कॉलमवर टांगायची असेल तर तो भार मध्याबाहेर येतो. तो आताच सांगून ठेवा, शेड उभं राहिल्यावर नको.

काँक्रीटचा नऊ इंची कॉलम

नऊ इंची कॉलम भिंतीत लपतो, खोलीत कोपरा येत नाही, म्हणून मालकाला आवडतो. आयएस ४५६ मध्ये प्रभावी लांबी भागिले त्या दिशेची कॉलमची बाजू १२ च्या खाली असेल तर तो आखूड कॉलम, १२ किंवा जास्त असेल तर सडपातळ. सडपातळ कॉलम चालतच नाही असं नाही. त्याच्यावर जादा मोमेंट धरावा लागतो, एवढंच. तो धरला जात नाही, ही अडचण.

वडगावात खाली पार्किंग किंवा यंत्रमागाचा हॉल आणि वर दोन मजले, असं घर समजा. कॉलम २३० × ४५० मिमी, त्यावर फॅक्टर लावलेला भार ६०० किलोन्यूटन, खालच्या मजल्याची मोकळी उंची ३.६ मीटर. एम २० काँक्रीट आणि १६ मिमीच्या सहा सळ्या धरल्या तर ०.४ आणि ०.६७ च्या नेहमीच्या सूत्राने क्षमता सुमारे १२२२ किलोन्यूटन येते. दुप्पट सुरक्षित वाटतं. पण ते सूत्र किमान विकेंद्रता (भार मध्यापासून निदान किती सरकलेला धरायचा ते अंतर) बाजूच्या ०.०५ पटीपर्यंत असेल तरच वापरायचं. इथे लांबी/५०० अधिक बाजू/३० म्हणजे १४.९ मिमी येतं, कोडची किमान अट २० मिमी, ०.०५ पट म्हणजे ११.५ मिमी. सूत्र पहिल्याच अटीला बाद होतं. तरी कितीतरी हिशेबांत तेच सूत्र दिसतं.

आता जादा मोमेंट: भार × बाजू ÷ २००० × (प्रभावी लांबी ÷ बाजू)². बाजूने न सरकणारी इमारत, गुणक ०.८ धरला तर गुणोत्तर १२.५ आणि जादा मोमेंट १०.८ किलोन्यूटन-मीटर. खालचा मजला मोकळा आहे, बाजूला सरकू शकतो, म्हणून १.२ धरला तर गुणोत्तर १८.८, मोमेंट २४.३. आणि प्लिंथ बीम नसेल, फुटिंग दीड मीटर खाली असेल, तर लांबी ५.१ मीटर, गुणोत्तर २६.६, मोमेंट ४८.९. कॉलम तोच, भार तोच, फक्त एक प्लिंथ बीम वाचवला म्हणून मोमेंट दुप्पट झाला. फ्रेमच्या अ‍ॅनालिसिसमधून येणारा मोमेंट यात मिळवायचा आणि मग एसपी १६ (आयएस ४५६ ची डिझाइन मदतपुस्तिका) च्या आलेखावर तो बिंदू वक्राच्या आत बसतो का ते बघायचं. कोडने जादा मोमेंट कमी करायला एक गुणक दिलाय. तो भार आणि सळ्यांवर अवलंबून असतो, पहिल्या चाचणीत न लावलेलाच बरा.

रुंदी २३० ची ३०० केली तर काँक्रीट तीस टक्के वाढतं, पण कमकुवत दिशेचा ताठपणा २.२ पट होतो. शिवाय बेळगाव आयएस १८९३ च्या २०१६ च्या नकाशात भूकंप क्षेत्र ३ मध्ये आहे, आणि भूकंपासाठीच्या काँक्रीट कोडच्या, म्हणजे आयएस १३९२० च्या २०१६ च्या आवृत्तीत कॉलमची किमान बाजू ३०० मिमी सांगितलीय. म्हणजे नऊ इंची कॉलमची चर्चा खरं तर इथेच संपायला हवी. "शेजाऱ्याने तर नऊ इंचीच घातलेत" यावर माझं उत्तर एकच असतं: शेजाऱ्याचा हिशेब दाखवा.

रिंगांबद्दल थोडक्यात. वाकायला निघालेल्या कॉलममध्ये प्रत्येक उभी सळी हीसुद्धा एक बारीक कॉलमच असते, आणि तिला रिंगा धरून ठेवतात. आयएस ४५६ प्रमाणे दोन रिंगांमधलं अंतर कॉलमची लहान बाजू, सगळ्यात बारीक उभ्या सळीच्या १६ पट आणि ३०० मिमी, यांतलं सगळ्यात कमी. सळी १२ मिमीची असेल तर १९२ मिमी. भूकंपाच्या कोडप्रमाणे सांध्याजवळ याहून जवळ रिंगा लागतात आणि हुक १३५ अंशांत आत वळवलेला हवा. बार बेंडर ९० अंशांत वळवून मोकळा होतो, कारण ते सोपं जातं. कॉलमचं शटर लावायच्या आधी हे बघायचं, नंतर बघून काय उपयोग?

पूर्ण मजला एकत्र झुकतो का

एकेक कॉलम पास झाला म्हणून इमारत पास होत नाही. मजल्यावरचे सगळे कॉलम एकत्र एका बाजूला जाऊ शकतात. आयएस ४५६ ने त्यासाठी स्थिरता निर्देशांक दिलाय: मजल्यावरच्या सगळ्या कॉलमच्या भारांची बेरीज गुणिले त्या मजल्याचं आडवं सरकणं, भागिले (आडवं बल गुणिले मजल्याची उंची). उत्तर ०.०४ पर्यंत असेल तर न सरकणारी इमारत म्हणायचं, त्याच्या वर गेलं तर सरकणारी. वर उदाहरणात घेतलेल्या घरात सहा कॉलम, एकूण ३६०० किलोन्यूटन. ६० किलोन्यूटन आडव्या बलाखाली मजला ६ मिमी सरकतो असं धरलं, तर निर्देशांक ०.१ येतो. म्हणजे ०.८ चा गुणक धरण्याचा हक्कच नाही. मोकळ्या पार्किंगच्या मजल्यांचं बहुतेक असंच होतं, कारण वरच्या मजल्यांवर भिंती आहेत आणि खाली नुसते पाय.

पोलादी फ्रेममध्ये वारा नसला तरी प्रत्येक पातळीवरच्या उभ्या भाराच्या ०.५ टक्का आडवं बल मुद्दाम लावून पाहायला आयएस ८०० सांगते. ओळंब्यातल्या चुकांची ती किंमत आहे.

सॉफ्टवेअरकडून काय घ्यायचं

स्टॅड किंवा ईटॅब्समध्ये मॉडेल केलं म्हणजे स्थिरता आपोआप तपासली गेली, असं समजू नका. प्रभावी लांबीचा गुणक तुम्ही दिला नाही तर प्रोग्राम स्वतःच्या समजुतीने घेतो, बहुधा १. सरकणाऱ्या फ्रेममध्ये ते असुरक्षित. पी-डेल्टा विश्लेषण (सरकलेल्या कॉलमवर उभा भार जो जादा मोमेंट आणतो, तो धरणारं) चालू केलंय का, ते तपासा. बेसला फिक्स्ड सपोर्ट दिलाय आणि साइटवर दोन बोल्टची प्लेट आहे, हे प्रोग्रामला कसं कळणार?

बकलिंग अ‍ॅनालिसिस स्वतंत्र चालवत असाल तर कॉलमचे तुकडे करा. बिजागरी-बिजागरी कॉलम एकाच घटकाने दाखवला तर ९.८७ ऐवजी १२ येतो, म्हणजे भार सुमारे २२ टक्के फुगवून मिळतो. दोन तुकडे केले की चूक एका टक्क्याच्या आत येते. मी चार तुकडे करतो, कारण त्याने वाकण्याचा आकारही नीट दिसतो. मिळालेला बकलिंग गुणक दहाच्या खाली असेल तर दुसऱ्या क्रमाचे (पी-डेल्टासारखे) परिणाम सोडू नयेत, असा युरोपीय कोडचा दंडक आहे. आपल्याकडेही तो चाळणी म्हणून उपयोगी पडतो. पहिली चाचणी नेहमी ज्याचं उत्तर हाताने येतं अशा कॉलमवर करा. वरचा २२८ किलोन्यूटनचा पाइप त्यासाठी घ्या.

अँगल जोडून केलेले कॉलम

जुन्या फाउंड्री शेडमध्ये चार अँगल आणि त्यांना जोडणाऱ्या तिरक्या पट्ट्या (लेसिंग) असे कॉलम दिसतात. त्यांची ताकद पट्ट्यांवर आहे. १९०७ साली कॅनडातला बांधकामाधीन क्वेबेक पूल कोसळला तो दाबाखालच्या खालच्या कॉर्डची जोडणी अपुरी पडल्यामुळे. ७५ कामगार गेले. आयएस ८०० प्रमाणे लेसिंग कॉलमच्या भाराच्या किमान २.५ टक्के आडव्या बलासाठी डिझाइन करायचं, पट्ट्यांचा कोन ४० ते ७० अंश ठेवायचा आणि स्लेंडरनेस रेशो ५ टक्के वाढवून धरायचा. केबल टाकायला आड येते म्हणून पट्टी गॅसने कापून टाकणाऱ्याला कारखान्यात थांबवणं, हे यापेक्षा अवघड काम.

सेंट्रिंगचे टेकू विसरू नका

सगळ्यात सडपातळ कॉलम इमारतीत नसतात, स्लॅबखाली असतात. निलगिरीच्या बल्ल्या किंवा स्टीलचे प्रॉप. १२५ मिमीच्या ओल्या स्लॅबचं वजन चौरस मीटरला ३.१ किलोन्यूटन, माणसं, फळ्या, व्हायब्रेटर धरून पाच धरा. मीटर-मीटरवर बल्ली असेल तर प्रत्येकीवर अर्धा टन. हे फार नाही. पण चार मीटर उंचीला बल्ली पुरली नाही म्हणून दोन तुकडे खिळ्यांनी जोडले, तर त्या जोडाला बिजागरी म्हणायचं, आणि मधे बिजागरी आलेली बल्ली तोलून उभी राहू शकत नाही. ती मोजायचीच नाही, काढायला लावायची.

अखंड बल्लीला मध्यावर दोन्ही दिशांनी आडव्या बल्ल्या बांधल्या की तिची लांबी अर्धी होते आणि क्षमता चौपट. त्यात एक अट आहे: त्या आडव्या बल्ल्या कुठेतरी पक्क्या कॉलमला किंवा भिंतीला अडकल्या पाहिजेत, नाहीतर सगळ्या मिळून झुकतात. एकाच दिशेने बांधल्या तर दुसऱ्या दिशेने काहीच फायदा नाही. बल्लीखाली विटेचा तुकडा किंवा दगड ठेवलेला दिसला तर तिथे जाड फळी घालायला सांगा. पावसात भराव बसतो आणि एक बल्ली सैल झाली की तिचा भार शेजारच्या बल्लीवर जातो.

उभ्या घरात सडपातळ कॉलम सापडला तर

मजला चढवायच्या आधी हे निघालं तर उपाय सापडतात. प्लिंथ पातळीला दोन्ही दिशांनी बीम घालून लांबी तोडता येते. खोदाई एका वेळी एकाच कॉलमची, बाजूचे कॉलम टेकू लावून. लांबी तोडणं शक्य नसेल तर जॅकेटिंग. नवं काँक्रीट चारी बाजूंनी निदान १०० मिमी घ्यावं लागतं, आणि जुन्या कॉलमचा पृष्ठभाग टोचून खरखरीत करावा लागतो. नव्या उभ्या सळ्या स्लॅबला भोक पाडून वर नेल्या आणि फुटिंगमध्ये अँकर केल्या तरच टोकं घट्ट धरली जातात. स्लॅबखाली थांबवलेलं जॅकेट मधल्या भागाला ताठ करतं, टोकांना नाही.

एक उपाय मात्र करू नका. कॉलमला आधार म्हणून दोन कॉलममध्ये अर्ध्या उंचीची वीटभिंत बांधतात, वर हवेसाठी जागा ठेवून. भिंत कॉलमला फक्त स्वतःच्या लांबीच्या दिशेने धरते; आडव्या दिशेने लांबी होती तेवढीच राहते. आणि धरलेल्या दिशेने मोकळा राहिलेला वरचा आखूड भाग भूकंपात आजूबाजूच्या लांब कॉलमपेक्षा कितीतरी जास्त आडवं बल ओढून घेतो आणि तिरकस तडकतो. भिंत बांधायचीच असेल तर कॉलमपासून फट ठेवून बांधा, फटीत मऊ फिलर भरा, आणि भिंत पडू नये म्हणून तिला वेगळा आधार द्या.